सल्ला: सामन्यात सहाच मिनिटं मिळतात, कोचला मेल करू का?

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पत्रलेखिका अमेरिकेत ओहायो राज्यात राहतात. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या बास्केटबॉल संघात गार्ड म्हणून, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणाऱ्यांपैकी एक म्हणून, खेळते. कॉलेज डिव्हिजन थ्रीचं, म्हणजे खेळासाठी स्कॉलरशिप नाही. हायस्कूलमध्ये ती कॅप्टन होती, सलग दोन वर्षं संघात सर्वांत जास्त गुण तिचेच. इथे संघात १७ मुली. नोव्हेंबरमध्ये तिला सामन्यामागे दोन-तीन मिनिटं मिळायची, आता जानेवारीत सहा-सात मिळतात. तिच्याबरोबरच आलेली दुसरी नवी मुलगी मात्र पंधरा मिनिटं खेळते. 'ती उंच आहे, पण नेमबाजी यथातथाच,' असं बाई लिहितात. कोचने मुलीला एकदा 'डिफेन्स सुधार' एवढंच सांगितलं. वडिलांनी कोचला पाठवायला मेल लिहून ठेवला आहे. नाशिकची आजी पहाटे साडेपाचला उठून लाइव्ह सामना बघते आणि 'आपलं बाळ कधी दिसणार?' म्हणून फोन करते. पत्रलेखिका स्वतः कॉलेजात असताना महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळल्या आहेत. त्यांचे प्रश्न असे: मेल पाठवावा का? वर्ष संपल्यावर मुलीने कॉलेज बदलावं का? पुढे मेडिकलला जायचंय, स्कॉलरशिपही नाही, तर खेळ सोडूनच द्यावा का? आणि शेवटी, जरा चाचरत: 'संघात ती एकटीच भारतीय आहे, हेही कारण असेल का?'

---

ताई,

आधी त्या मेलचं. तो पाठवू नका. तुमच्या मिस्टरांनी तो सौम्य भाषेत लिहिला असेल, आकडेवारी जोडली असेल, शेवटी आभारही मानले असतील. तरी नको. मुलगा-मुलगी कॉलेजात गेली की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आई-वडिलांकडून तिच्याकडे जातो, हा अमेरिकेतला १९७४ पासूनचा कायदा आहे. फी तुम्ही भरता, पण मार्क विचारायचे तर एरवी तिची संमती लागते. सामन्यातली मिनिटं त्या कायद्यात येत नाहीत, पण दृष्टी तीच. अनेक कोच मोसम सुरू व्हायच्या आधीच पालकांना सांगून टाकतात की जेवण, प्रवास, दुखापत, काय हवं ते विचारा, फक्त मिनिटांबद्दल बोलायला मुलीलाच पाठवा. तुमचा मेल गेला तर फार करून असं होईल: कोच दोन ओळींचं गोड उत्तर देईल आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलीला ऑफिसात बोलावेल. जे ती बोललीच नाही त्याचा खुलासा तिला करावा लागेल. कोचचं तिच्याबद्दलचं मत आत्ता कुठे तयार होतंय, अशा वेळी.

आता त्या सहा मिनिटांकडे वळू. मला तुमचा आकडा खरा वाटतो, त्याचा अर्थ पटत नाही.

महिलांचा कॉलेज सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा, एकूण ४० मिनिटं. मैदानात पाच जणी. म्हणजे कोचकडे वाटायला २०० मिनिटं असतात, एकही जास्त नाही. १७ जणींना समान वाटली तर प्रत्येकीला बारासुद्धा येत नाहीत, आणि समान कुठलाच कोच वाटत नाही. पहिल्या पाच जणी सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं खेळल्या तर साधारण १३८ मिनिटं तिथेच गेली. उरलेल्या ६२ मिनिटांत बारा जणी. सरासरी पाच मिनिटं आणि थोडी. तुमची मुलगी पहिल्या वर्षाला असून त्या सरासरीच्या वर आहे. शिवाय नोव्हेंबर ते जानेवारी तिची मिनिटं दुपटीहून वाढली. ही वाढ तुमच्या पत्रात ओझरती आली आहे. दुसऱ्या मुलीची पंधरा मिनिटं मात्र दोनदा आली आहेत.

मिनिटं मोजायचीच असतील तर ती कधी मिळतात तेही बघा. तीस गुणांनी जिंकत असताना शेवटची चार मिनिटं आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये सामना बरोबरीत असताना दोन मिनिटं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडेवारीच्या तक्त्यात चार मोठे दिसतात. कोचच्या डोक्यात दोन मोठे असतात. तुम्ही स्वतः खेळलेल्या आहात, तुम्हाला हे एकदा मागचे तीन-चार सामने पुन्हा बघितले की कळेल.

खेळलेल्या आहात म्हणूनच तुमच्या मनात एक गृहीतक पक्कं बसलं असावं, असं मला पत्र वाचताना वाटलं: चांगली खेळते ती पहिल्या पाचात, नाही ती बेंचवर. आपल्याकडच्या विद्यापीठ संघात ते बरंचसं खरं होतं, अजूनही आहे. चाचणी होते, निवड होते, थोडे दिवस शिबिर, मग पश्चिम विभागाच्या स्पर्धेला रेल्वेने जायचं आणि काही दिवसांत सगळा निकाल. तिथे कोच विश्वासातल्या सहा-सात जणींवरच स्पर्धा काढतो. बाकीच्यांनी पाण्याच्या बाटल्या धराव्यात. एवढ्या थोड्या दिवसांत नव्या मुलीला तयार करायला कोणाला वेळ असतो?

इथला मोसम लांबलचक. ऑक्टोबरमध्ये प्रॅक्टिस, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पंचवीसच्या आसपास सामने, त्यात परीक्षा, बसचे प्रवास, बर्फ, मुरगळलेले घोटे, फ्लूची साथ. फेब्रुवारीत कोणत्या कोचला नववी-दहावी खेळाडू लागत नाही? पण त्या नवव्या-दहाव्या खेळाडूची परीक्षा सामन्यात होतच नाही, ती रोजच्या प्रॅक्टिसमध्ये होते. सामना हा निकालपत्रासारखा असतो आणि तुम्हाला तेवढाच दिसतो.

आणखी एक. १७ मुलींच्या संघात हायस्कूलच्या कॅप्टन किती असतील असं तुम्हाला वाटतं? माझ्या अंदाजाने अर्ध्याहून जास्त. आपापल्या शाळेत सर्वांत जास्त गुण करणाऱ्याही बऱ्याच. तुमची मुलगी जी गोष्ट सर्वांत अभिमानाने घेऊन आली, नेमकी तीच या संघात भरपूर आहे. यात तिचं कौशल्य कमी ठरत नाही. पण नेमबाजीच्या जोरावर दार उघडेल ही अपेक्षा चुकते.

लग्नघरात स्वयंपाकाला पंधरा बायका असतात तेव्हा नवीन आलेली बाई पुरणाच्या कढईपाशी जात नाही. तिथे आधीच दोघी उभ्या असतात आणि तिसरीला जागा नसते. ती बघते की नारळ खोवायला कोणी बसलेलं नाही, मग विळी ओढते. दुपारपर्यंत तिला चार हाका येतात. मोठ्या संघात नव्या मुलीची भूमिका वाढते ती बहुतेक अशीच. न्याय म्हणून मिनिटं मिळत नाहीत, ज्येष्ठता म्हणूनही फारशी नाहीत. कोचला एखादं काम करून हवं असतं, ते करणारं कोणी नसतं, आणि ती ते करू लागते. तेव्हा मुलीने स्वतःला विचारायचा प्रश्न 'मी हिच्यापेक्षा चांगली नाही का?' हा नाही. 'इथे कोणतं काम रिकामं आहे?' हा आहे.

त्या दुसऱ्या मुलीचंही कोडं इथेच सुटतं. ती उंच आहे असं तुम्हीच लिहिलंय. कदाचित मागच्या वर्षी पदवी घेऊन गेलेली सेंटर असेल आणि बास्केटखाली उभं राहणारी दुसरी कोणी नसेल. संघाच्या वेबसाइटवर मागच्या वर्षीची यादी असते, पाच मिनिटांत बघून होईल. तसं असेल तर तिची नेमबाजी यथातथा असली तरी चालतं, कारण तिला नेमबाजीसाठी खेळवतच नाहीत. ती रिबाउंड (नेम चुकून उडालेला बॉल) घेते, स्क्रीन लावते (सहकारी मोकळी व्हावी म्हणून डिफेन्सच्या वाटेत आडवी उभी राहते), जागा अडवते. तुमच्या मुलीची मिनिटं तिने घेतलेलीच नाहीत. गार्डच्या रांगेत कोण कोण आहे ते बघा, खरी स्पर्धा तिथे आहे.

हे सगळं तुमच्याच राज्यात, क्लीव्हलँडला, साऱ्या देशाने बघितलंय. ७ एप्रिल २०२४, महिलांच्या कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना, साउथ कॅरोलायना विद्यापीठ विरुद्ध आयोवा विद्यापीठ. आयोवाकडे देशभर गाजलेली केटलिन क्लार्क, तिने ३० गुण केले, त्यातले १८ पहिल्याच क्वार्टरमध्ये. तरी साउथ कॅरोलायना ८७-७५ अशी जिंकली आणि ३८ पैकी ३८ सामने जिंकून मोसम संपवला. गंमत म्हणजे आदल्या वर्षीच्या त्यांच्या पहिल्या पाचही जणी निघून गेल्या होत्या. डॉन स्टेली या कोचने नवा संघ बांधला तो बेंचसकट. त्या अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाच्या बेंचने ३७ गुण केले, आयोवाच्या बेंचने शून्य. साउथ कॅरोलायनाकडून सर्वांत जास्त गुण कोणाचे? टेसा जॉन्सन, पहिल्या वर्षाची मुलगी, बेंचवरून आलेली, १९ गुण. मोसमभर ती सुरुवातीच्या पाचात नव्हती. पण डिफेन्स दुसऱ्यांकडे धावला की मोकळी सापडून न डगमगता शॉट मारणारी एक मुलगी त्या संघाला हवी होती, आणि मोसमभर थोड्या-थोड्या मिनिटांत तिने ते काम करून दाखवलं होतं. अंतिम सामन्यात कोचला तिला पाठवताना विचार करावा लागला नसणार.

पुरुषांचंही एक उदाहरण देते, कारण तुमच्या मिस्टरांना आकडे आवडतात असं दिसतंय. केंटकी विद्यापीठाचा २०१४-१५चा संघ इतका भरलेला होता की कोच कॅलिपारी यांनी सुरुवातीला पाच-पाच जणांचे दोन गटच पाडले आणि ते आलटूनपालटून खेळवले. त्या वर्षी डेव्हिन बुकर नावाचा पहिल्या वर्षाचा मुलगा ३८ सामने खेळला आणि सुरुवातीच्या पाचात एकदाही नव्हता. २०१५च्या जूनमध्ये एनबीए या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं. बेंचवर बसल्याने त्याचं काही नुकसान झालं असं कोणी म्हणणार नाही. तुमच्या मुलीने एनबीए गाठावं म्हणून हे सांगत नाही (तिला मेडिकलला जायचंय, ते जास्त अवघड आहे). सुरुवातीच्या पाचात असणं आणि संघाला उपयोगी असणं या गोष्टी वेगळ्या, एवढंच त्यातून घ्या.

आता 'डिफेन्स सुधार' या कोचच्या दोन शब्दांकडे येऊ. हे उत्तर अपुरं आहे, मान्य. पण खोटं नसावं. समजा दुसऱ्या क्वार्टरची सहा मिनिटं उरली आहेत. कोच हाक मारते. तुमची मुलगी वॉर्मअपचा शर्ट काढते, स्कोअररच्या टेबलापाशी बसते, भोंगा वाजतो. जिच्या जागी ती जाते, तिला येता-येता ती विचारते का, 'तू कोणाला धरलं होतंस?' न विचारता गेली तर पहिले दहा सेकंद दोघी एकीलाच धरतात आणि दुसरी मोकळी. पुढे तिने जिच्यावर पहारा ठेवायचा ती विरोधी मुलगी स्क्रीनभोवती पळते. स्क्रीनच्या वरून जायचं की खालून, हे समोरची नेमबाज आहे की नाही यावर ठरतं, आणि ते कालच्या प्रॅक्टिसमध्ये सांगितलेलं असतं. तुमच्या मुलीला आठवतं का? मागे उभी असलेली सहकारी 'स्क्रीन, लेफ्ट!' असं ओरडते, ती स्वतः अशी ओरडते का? बॉल बास्केटकडे उडतो. नवीन मुलगी हमखास बॉलकडे बघत उभी राहते. कोचला हवं असतं की तिने पाठ वळवून आपण धरलेल्या विरोधी मुलीला अडवावं, बॉक्सआउट करावं, मग रिबाउंड दुसरीने घेतला तरी चालेल. मग आक्रमण. कोपऱ्यात ती मोकळी आहे, बॉल येतो, ती अर्धा सेकंद थांबते, 'मारू की नको?' तेवढ्यात डिफेन्स येऊन पोचतो, ती ड्रिबल करत दोघींच्या मध्ये शिरते आणि बॉल जातो. टर्नओव्हर. भोंगा, ती परत बेंचवर.

तक्त्यात लिहिलं जातं: तीन मिनिटं, शून्य गुण, शून्य रिबाउंड, एक टर्नओव्हर. मिस्टरांना शून्य दिसतं. दुसऱ्या दिवशी कोच व्हिडिओ थांबवते तो त्या अर्ध्या सेकंदावर, आणि त्याआधी पाठ न वळवण्यावर. अर्धा सेकंद थांबण्याचं कारण बहुतेकदा चुकण्याची भीती असते. बाहेर काढतील या भीतीने ती चुकते आणि चुकली म्हणून बाहेर काढतात. हे चक्र तोडायचा मार्ग गुण करण्यात नाही. ज्या गोष्टीत नेम चुकण्याचा प्रश्नच येत नाही त्या दर वेळी करण्यात आहे: ओरडणं, धावत परतणं, बॉक्सआउट, मोकळ्या मुलीला पास. तीन मिनिटांत या चार गोष्टी बिनचूक झाल्या तर चौथं मिनिट मिळतं. मोठ्या संघांत भूमिका वाढते ती अशी, फार कंटाळवाण्या पद्धतीने.

मुलीने कोचशी बोलावं, नक्की बोलावं. सामन्यानंतर नाही, बसमध्ये नाही, रडवेल्या अवस्थेत तर मुळीच नाही. एखाद्या मोकळ्या दिवशी दहा मिनिटांची वेळ मागून घ्यावी. दुसऱ्या कोणाचं नाव काढू नये. 'मला कमी का खेळवता?' हे विचारलं की समोरची व्यक्ती बचाव करू लागते. त्याऐवजी असं काही: 'पुढच्या दोन आठवड्यांत मी नेमकी कोणती एक गोष्ट केली तर मला पाठवताना तुम्हाला जास्त खात्री वाटेल?' उत्तर परत 'डिफेन्स' आलं तर तिथेच थांबू नये. 'माझ्या कालच्या तीन मिनिटांचा व्हिडिओ मला दाखवाल का?' हे सहायक कोचला विचारलं तरी चालतं. सहायक कोच बहुधा तरुण असतात, नुकत्याच खेळून झालेल्या, त्यांना असं विचारलेलं आवडतं. दोन आठवड्यांनी परत जाऊन 'झालं का?' विचारायचं. इतपत धीट राहायला तिला शिकवणं हे तुमचं काम. तिच्या वतीने बोलणं हे तुमचं काम नाही.

आणि प्रॅक्टिसमध्ये तिला प्रतिस्पर्धी संघाची भूमिका करायला लावत असतील, म्हणजे पुढच्या सामन्यातल्या विरोधी गार्डसारखं खेळ म्हणून सांगत असतील, तर तिला त्यात अपमान वाटू देऊ नका. पहिल्या पाच जणींसमोर रोज उभं राहायची ही संधी आहे, आणि कोच दोन हातांच्या अंतरावर उभी राहून बघत असते.

तुम्ही चाचरत विचारलेला प्रश्न मी टाळणार नाही. संघात एकटी भारतीय असणं सोपं नसतं, आणि 'असं काही नसेल हो' म्हणून तो उडवून लावणंही बरोबर नाही. पण नुसत्या मिनिटांवरून ते सिद्ध होत नाही. वेगळ्या गोष्टी बघा. कोच तिच्या चुका तिला दाखवते का? रागावते का? ज्या खेळाडूवर कोच रागावतेय तिचा विचार चालू आहे असं समजा. जिला काहीच सांगत नाहीत तिची काळजी करावी. खोलीत कोण बरोबर राहतं, जेवायला कोण बोलावतं, थट्टा कशावरून होते? नावाचा उच्चार चुकीचा होत असेल तर तो कोणी विचारून घेतला का? (तिने स्वतः सामन्याच्या आधी घोषणा करणाऱ्याला उच्चार लिहून द्यायला हरकत नाही, तेही बिचारे गोंधळलेले असतात.) यांतल्या कशावरून तिला स्वतःला खुपत असेल, वागणूक वेगळी वाटत असेल, तर तारीखवार लिहून ठेवायचं आणि कॉलेजच्या क्रीडासंचालकांकडे जायचं. तिथे तुम्ही बरोबर असलात तरी चालेल. तो विषय मिनिटांचा नाही आणि तिथे गप्प बसायचं कारण नाही.

तुमच्या पत्रात कोच बोलते, मिस्टर बोलतात, आजी बोलते, दुसरी मुलगीसुद्धा अप्रत्यक्षपणे बोलते. तुमच्या मुलीचं मात्र एकच वाक्य आहे: 'आई, ठीक आहे गं.' तुम्हाला ते रडू दाबून म्हटल्यासारखं वाटलं, असं तुम्ही लिहिलंय. असेलही. पण खरोखरच ठीक असेल तर? डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी पैसे मिळत नाहीत, ते नियमातच नाही. मग पहाटे वजनं उचलणं, शनिवार-रविवार बसमध्ये घालवणं हे ती का करते? करावंसं वाटतं म्हणून. सोळा मैत्रिणी मिळाल्या म्हणून असेल, अभ्यासाला शिस्त लागते म्हणून असेल. एकदा विचारून बघा. 'मिनिटं कमी मिळतात याचं तुला वाईट वाटतं का?' असा नाही, त्या प्रश्नात उत्तर आधीच घातलेलं आहे. 'या संघात तुला काय आवडतं?' असा.

सामन्यानंतर गाडीत किंवा फोनवर खेळाबद्दल पहिलं वाक्य तिने बोलू द्या. ती जेवणाबद्दल बोलली तर जेवणाबद्दल बोला. प्रेक्षकांत तिसऱ्या वर्षाच्या मुलींच्या आयाही बसलेल्या असतील. तुमच्या मुलीची मिनिटं दोनाची सात झाली ती कोणाच्या तरी खात्यातून आली, २०० च्या वर एकही नाही हे आपण बघितलंच. जिची कमी झाली तिची आई तुमच्या शेजारी बसून टाळ्या वाजवत असेल. तिच्याशी जरूर बोला, इतक्या दिवसांत काय-काय बघितलं ते ती सांगेल, माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. आजींना सांगा की सामना सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने उठलं तरी चालतं, नात बहुतेक दुसऱ्या क्वार्टरमध्ये येते.

कॉलेज बदलण्याबद्दल. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्या साउथ कॅरोलायनाच्या संघात मिलेशिया फुलवायली नावाची मुलगी होती, त्याच शहरात वाढलेली, गुणी. दोन वर्षं ती बहुतेक बेंचवरूनच खेळली, राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं आणि २०२५ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) निघून गेली. मोठ्या खेळाडूही जागा बदलतात. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या गटात, २०१८ साली ट्रान्स्फर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) आलं आणि पुढे नियम सैल झाल्यापासून तर ही नित्याची गोष्ट आहे. पण तिथे पैसा आणि कारकीर्द पणाला लागलेली असते. तुमच्याकडे हिशेब वेगळा आहे. तिला गुणवत्तेवर शिष्यवृत्ती मिळत असेल तर ती नव्या कॉलेजात तशीच मिळेल असं नाही. बाहेरून येणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी कमी मिळते. क्रेडिट्स सगळी धरली जातील असंही नाही, आणि मेडिकलच्या विषयांचा क्रम विस्कटला तर एक सेमिस्टर वाढतं. शिवाय नव्या संघात ती पुन्हा नवीनच. म्हणून मार्च संपेपर्यंत हा विषय काढू नका, आणि काढाल तेव्हा आधी आर्थिक मदत कचेरीचे आकडे समोर ठेवा, मग बास्केटबॉलचे.

ज्यांची मुलं अजून हायस्कूलमध्ये आहेत अशा वाचकांसाठी: कॉलेज निवडतानाच संघाची यादी उघडा. आपल्या मुलीच्या जागेवर किती जणी आहेत, त्या कोणत्या वर्षाला आहेत, मागच्या वर्षीच्या पहिल्या वर्षाच्या मुलींपैकी किती जणी अजून संघात आहेत? कोचची शैलीही बघा. पूर्ण मैदानभर दाबून खेळणारा संघ जास्त खेळाडू वापरतो, दमवणारा खेळ असतो तो. आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचा पुरुष संघ तर वर्षानुवर्षं पाचच्या पाच खेळाडू एकदम बदलत, हॉकीसारख्या पाळ्या लावून खेळला. (त्याच कॉलेजच्या एका मुलाने २०१२ मध्ये एका सामन्यात १३८ गुण केले होते, ती वेगळीच जत्रा.) तेही डिव्हिजन थ्रीच. आठ जणींवर मोसम काढणारी कोच आणि तेरा जणी फिरवणारी कोच यांत पहिल्या वर्षाच्या मुलीला फार मोठा फरक पडतो, आणि हे आधी विचारता येतं.

खेळ सोडण्याबद्दल मी कमी लिहीन, कारण तो निर्णय तिचा आहे. मेडिकलला जाणारी बरीच मुलं डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात. दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्राच्या दुपारच्या लॅब आणि प्रॅक्टिसची वेळ यांची टक्कर होते, तेव्हा बरेच कोच उशिरा यायची सवलत देतात. त्यांची कोच देते का, हे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना विचारावं. मार्क घसरत असतील तर सोडायचं कारण आहे. मिनिटं कमी मिळतात हे सोडायचं कारण तिला वाटलं तर आहे, तुम्हाला वाटलं तर नाही.

राहता राहिला उन्हाळा. खरं काम तिथेच आहे. मोसम संपला की चौथ्या वर्षाच्या मुली जातील. त्यांत गार्ड किती, आणि त्या कोणतं काम करत होत्या, ते तिने लिहून काढावं. समजा बॉल वर घेऊन येणाऱ्या दोघी जात असतील, तर पुढच्या ऑक्टोबरमध्ये दबावाखाली बॉल न गमावणारी मुलगी कोचला लागेल, आणि ते काम कोणाच्याही नावावर नसेल. उन्हाळ्यात बहुतेक तिला एकटीलाच सराव करावा लागेल. तुमच्या ड्राइव्हवेवर रिंग आहे असं तुम्ही लिहिलंय आणि तुम्ही स्वतः गार्ड होतात. तिला डाव्या हाताने ड्रिबल करत तुमच्या अंगावर येऊ द्या, आणि जमेल तितका बॉल हिसकावून घ्या.